प्लग-इन सौर पॅनेल आणि गोव्यातले नियम : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पर्वरीत फ्लॅट भाड्याने घेतलेले, साखळीत कौलारू घरात राहणारे, वेर्ण्याला कामाला जाऊन एका खोलीत दिवस काढणारे असे सगळ्या तऱ्हेचे लोक विचारतात, आणि प्रश्न फिरून फिरून तेच असतात. म्हणून उत्तरं एका जागी मांडली आहेत. एखादा मुद्दा दुसऱ्या उत्तरात आला असेल तर तिथला क्रमांक दिला आहे.

१. प्लग-इन सौर पॅनेल म्हणजे नेमकं काय? शेजाऱ्यांच्या गच्चीवर आहे तेच ना?

पॅनेल तेच, जोडणी वेगळी. गच्चीवरच्या संचाची वायर स्वतंत्र स्विच आणि संरक्षणातून मुख्य डीबीपर्यंत (घरातल्या वीजवाटप पेटीपर्यंत) येते आणि वीज खातं त्यासाठी मीटर बदलून देतं. प्लग-इन संचात एक-दोन पॅनेल, त्यांच्या पाठीला बसवलेला लहानसा मायक्रोइन्व्हर्टर (पॅनेलची वीज घरातल्या विजेसारखी करणारं यंत्र) आणि त्यातून निघालेली साध्या प्लगची वायर असते. प्लग भिंतीतल्या सॉकेटमध्ये खोचला की वीज उलट्या वाटेने घरात येते. फ्रिज, पंखा जे चालू असेल ते ती आधी वापरतं आणि उरलेली मीटरमधून बाहेर लाइनवर जाते.

'इन्व्हर्टर' या शब्दाने हमखास घोळ होतो. आपल्याकडे इन्व्हर्टर म्हटलं की बॅटरीचा डबा डोळ्यांपुढे येतो. या संचात बॅटरी नसते. त्यामुळे करंट गेला की भर उन्हातही हा संच बंद पडतो, आणि तसाच पडायला हवा (प्रश्न ७).

२. जर्मनीत लोक बाल्कनीला टांगतात, कोणाला विचारतसुद्धा नाहीत. मग आपल्याकडे काय अडचण आहे?

ते विचारत नाहीत, कारण तिथल्या कायद्याने आधीच सांगून ठेवलंय. मे २०२४ पासून तिथे ८०० वॉटपर्यंतचा इन्व्हर्टर आणि २,००० वॉटपर्यंतची पॅनेल चालतात. त्याआधी इन्व्हर्टरची मर्यादा ६०० वॉट होती. सरकारी नोंदवहीत ऑनलाइन नोंद मात्र करावी लागते. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये भाडेकरूंच्या बाजूनेही कायदा बदलला आणि सबळ कारणाशिवाय घरमालकाला नाही म्हणणं अवघड झालं. अमेरिकेत युटा राज्याने २०२५ मध्ये १,२०० वॉटपर्यंतच्या प्लग-इन संचांना वीज कंपनीशी करार करण्यातून सूट दिली, पण प्रमाणित उपकरणाची अट ठेवली.

म्हणजे या दोन्ही ठिकाणी प्लगवाल्या संचासाठी कायद्यात वेगळा कप्पा केलेला आहे. आपल्याकडच्या जोडणीच्या नियमांत तसा कप्पा नाही, आणि सगळी गुंतागुंत तिथूनच सुरू होते.

३. तर मग गोव्यात हे बेकायदा आहे का? हो की नाही, एवढंच सांगा.

वीज खात्याच्या लेखी मंजुरीशिवाय सॉकेटमध्ये खोचलेला संच नियमांत बसत नाही.

पॅनेल विकत घेणं, घरात ठेवणं, त्यावर वीज तयार करणं याला मनाई नाही. विद्युत अधिनियम २००३ च्या कलम ७ नुसार वीजनिर्मितीला परवानाच लागत नाही. पण त्याच कलमात अट आहे की ग्रिडला, म्हणजे खात्याच्या लाइनला, जोडताना तांत्रिक मानकं पाळली पाहिजेत. ही मानकं केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने २०१३ मध्ये केली आणि २०१९ मध्ये सुधारली. त्यांत संचाची चाचणी, लाइन गेल्यावर आपोआप तुटणारं संरक्षण आणि कुलूप लावता येईल असा हाताने चालवायचा स्विच मागितला आहे, कारण खांबावर चढलेल्या लायनमनला पुरवठा खरंच तुटलाय याची खात्री हवी असते. तुमच्या बेडरूममधला प्लग म्हणजे तो स्विच नव्हे.

त्यावर संयुक्त विद्युत नियामक आयोगाचे २०१९ चे ग्रिड-संलग्न सौर विनियम आहेत. गोव्याला स्वतःचा वेगळा आयोग नाही, केंद्रशासित प्रदेशांसह एकच आहे. त्या विनियमांची वाट अर्ज, मंजुरी, तपासणी आणि मीटर अशी जाते. सॉकेटसाठी त्यात आडवाट ठेवलेली नाही.

४. माझा संच 'झिरो एक्स्पोर्ट' आहे, एक युनिटही बाहेर जात नाही. मग खात्याचा काय संबंध?

संबंध आहे. विक्रेते हा युक्तिवाद फार गोड करून सांगतात, पण नियमाचा रोख वीज किती बाहेर गेली यावर नाही, संच लाइनशी समांतर जोडला आहे की नाही यावर आहे. झिरो एक्स्पोर्टचं यंत्र बिघडलं, सेन्सर उलटा बसला किंवा कोणी सेटिंग बदललं की तोच संच वीज बाहेर टाकतो. लाइनला अजिबात न जोडलेला संच ही वेगळी गोष्ट आहे, ती प्रश्न ९ मध्ये पाहा.

५. एवढंसं पॅनेल, कोणाला कळणार?

सगळ्यात आधी मीटरला कळेल. चोरी पकडता यावी म्हणून आपल्याकडचे बहुतेक इलेक्ट्रॉनिक मीटर विजेची दिशा न पाहता मोजणी करतात. कोणी तारा उलट्या जोडल्या तरी युनिटं वाढतच राहावीत, असा त्यामागे हिशोब आहे. आता दुपारचे बारा वाजलेत, तुम्ही कामावर, घरात फक्त फ्रिज चालू आणि पॅनेल ६०० वॉट देतंय असं धरा. फ्रिजने १०० वॉट घेतले, पाचशे बाहेर गेले. मीटर त्या पाचशेला तुमचा वापर समजून बिलात मिळवतो. स्वतः तयार केलेली वीज खात्याला फुकट द्यायची आणि वर तिचे पैसेही आपणच भरायचे! 'पॅनेल लावल्यावर बिल वाढलं' अशा तक्रारीत मी सर्वांत आधी हेच तपासायला सांगतो. शिवाय प्रवाह उलटा वाहिल्याची नोंद अनेक मीटरच्या स्मृतीत राहते आणि रीडिंग घेताना ती वाचता येते.

जुना चकतीचा मीटर असेल तर उलटं होतं, चकती मागे फिरते. ते पाहून खूश होऊ नका, पुढचं उत्तर वाचा.

६. पकडलं तर वीजचोरी धरतील का?

स्वतःच्या पॅनेलची वीज वापरणं म्हणजे चोरी नव्हे. पण मीटरमधली नोंद त्यामुळे बिघडत असेल, चकती मागे फिरत असेल, आणि हे ठाऊक असूनही तुम्ही चालू ठेवलं, तर विद्युत अधिनियमाच्या कलम १३५ चा विषय निघू शकतो. त्यात तीन वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही आहेत. कलम १२६ ची 'अनधिकृत वापर' ही व्याख्याही बरीच ऐसपैस आहे. त्याखाली दुप्पट दराने आकारणी होते आणि कालावधी ठरवता आला नाही तर मागचे बारा महिने धरतात. अंतिम आदेशाविरुद्ध ३० दिवसांत कलम १२७ खाली अपील करता येतं, पण आकारलेल्या रकमेपैकी निम्मी आधी भरावी लागते.

माझ्या मते एका पॅनेलसाठी कोणी तुरुंगात जाणार नाही. पुरवठा तुटणं, दंडाची आकारणी आणि घरमालकाशी वाकडं येणं मात्र अगदी शक्य आहे, आणि आठशे वॉटांसाठी तेही महागच.

७. प्लग खोचण्यात एवढा धोका कसला? मिक्सरही तसाच खोचतो की.

मिक्सर वीज घेतो, हा संच वीज देतो. त्यातून तीन गोष्टी होतात.

चालू संचाचा प्लग ओढून काढला की त्याच्या पितळी पिना बाहेर उघड्या असतात. चांगला इन्व्हर्टर तत्क्षणी बंद होतो. स्वस्तातला होईलच याची हमी कोण देणार? घरात रांगतं मूल असेल तर हा प्रश्न इथेच संपला.

दुसरा धोका दिसत नाही. डीबीतला एमसीबी (प्रवाह वाढला की आपोआप पडणारा स्विच) लाइनकडून येणारा प्रवाह मोजतो. त्याच सर्किटवर मधल्या सॉकेटमधून पॅनेलही वीज ओतत असेल तर वायरमधून एमसीबीला कळतं त्यापेक्षा जास्त प्रवाह वाहतो. फोंड्या-म्हापशाच्या जुन्या घरांत तीस-चाळीस वर्षांपूर्वीची वायरिंग भिंतीत तशीच आहे आणि त्यावर एसी चढवलेले आहेत. त्यात ही भर पडते. आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच) असेल तर तोही उलट्या प्रवाहासाठी योग्य जातीचा आहे का, हे बघावं लागतं.

तिसरा धोका लायनमनचा. पावसाळ्यात माडाचं झावळ तारेवर पडतं, लाइन बंद करतात आणि माणूस खांबावर चढतो. त्या वेळी कुठल्याही घरातून वीज उलटी लाइनवर जाता कामा नये. जनरेटरला चेंजओव्हर स्विच लागतो तो याचसाठी. मानकांनुसार लाइन गेल्यावर इन्व्हर्टरने दोन सेकंदांत थांबायला हवं. त्याची चाचणी आयएस १६१६९ या मानकाखाली होते. हा क्रमांक प्रमाणपत्रावर नसेल तर तो इन्व्हर्टर घेऊ नका.

८. मी भाडेकरू आहे. सरळ कायदेशीर मार्ग कोणता?

दोन आहेत. लाइनला न जोडलेला बॅटरीचा संच (प्रश्न ९), किंवा रीतसर छतावरचा संच. दुसरा मार्ग भाडेकरूंना बंद आहे असा समज आहे, तो चुकीचा. छतावरच्या सौरसंचाला अनुदान देणाऱ्या केंद्राच्या पीएम सूर्यघर योजनेच्या राष्ट्रीय पोर्टलवरच्या खुलाशानुसार वीजजोडणी तुमच्या नावावर असेल, बिलं तुम्ही भरत असाल आणि छत वापरायला मालकाची परवानगी असेल, तर भाड्याच्या घरातही संच बसवता येतो.

अडतं ते पहिल्याच अटीवर, कारण बहुतेक ठिकाणी बिल मालकाच्या नावावर असतं. पण विद्युत अधिनियमाचं कलम ४३ पाहा. जागेच्या 'मालकाने किंवा ताबेदाराने' अर्ज केला तर पुरवठा द्यायचा, असं त्यात लिहिलंय. ताबेदार म्हणजे तुम्हीही. दीर्घ मुदतीचं भाडं असेल तर मालकाचं संमतीपत्र घेऊन जोडणी स्वतःच्या नावावर करणं हे पहिलं काम. अकरा महिन्यांच्या करारासाठी हा खटाटोप मी सुचवणार नाही.

९. बॅटरी आणि पॅनेल घेतलं, लाइनला जोडलंच नाही, तर परवानगी लागते का?

वीज खात्याची लागत नाही. पॅनेल, चार्ज कंट्रोलर (बॅटरीचं चार्जिंग सांभाळणारं यंत्र), बॅटरी आणि त्यावर स्वतंत्र वायरने चालणारे दिवे, पंखा, राउटर हा तुमचा स्वतंत्र संसार. घडीचं पॅनेल आणि पोर्टेबल पॉवर स्टेशनही यातच आलं. घरात इन्व्हर्टर-बॅटरी आधीच असेल तर तिला सोलर चार्ज कंट्रोलर जोडून घेता येतो. भाडेकरूसाठी मला हाच मार्ग सर्वांत शहाणपणाचा वाटतो : भिंत फोडायची नाही, जाताना सगळं टेम्पोत, आणि करंट गेला तरी पंखा फिरतो.

एक खबरदारी घ्या. 'हायब्रिड' नावाने विकले जाणारे काही संच सेटिंग बदललं की वीज लाइनवर पाठवू लागतात. तसं झालं की तो संच प्रश्न ३ च्या नियमांत गेला. विकत घेतानाच ग्रिडला निर्यात न करणारा ऑफ-ग्रिड प्रकार मागा आणि बिलावर तसं लिहून घ्या.

१०. घरमालक पॅनेल लावू देत नाहीत. हक्क म्हणून मागता येईल का?

जर्मनीतल्या भाडेकरूला आहे तसा हक्क आपल्याकडे नाही. २०२० च्या वीज ग्राहक हक्क नियमांनी ग्राहकाला सौरसंच उभारण्याचा अधिकार दिला आहे, पण तो खात्यासमोरचा अधिकार आहे. मालकाच्या छतावर किंवा भिंतीवर त्याने हक्क मिळत नाही. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम १८८२ च्या कलम १०८ नुसार भाडेपट्ट्याने राहणाऱ्याला मालकाच्या संमतीशिवाय कायमचं बांधकाम करता येत नाही. बाल्कनीच्या आत स्टँडवर ठेवलेलं पॅनेल कायमचं बांधकाम ठरणार नाही. कठड्याला भोकं पाडली, बाहेर लोखंडी कोन ठोकले की वादाला जागा झाली. लीव्ह अँड लायसन्सवर राहत असाल तर करारात काय लिहिलंय तेच चालतं, तिथे वाद घालायला फारसं काही उरत नाही.

मालकाशी बोलताना 'सोलर लावतो' एवढंच म्हणू नका. वजन किती, भोक पाडणार की नाही, जाताना काय करणार हे एका कागदावर लिहून द्या. अर्धा विरोध तिथेच विरघळतो.

११. घर सोडताना पॅनेल माझं की मालकाचं?

तुमचं. त्याच कलम १०८ नुसार भाडेकरूने बसवलेल्या वस्तू ताबा असेपर्यंत काढून नेता येतात. जागा मात्र घेतली तशी परत द्यायची, म्हणजे भोकं बुजवून, रंग लावून. किल्ली दिल्यावर 'नंतर येऊन नेतो' म्हणू नका. करारात याविरुद्ध काही लिहिलेलं असेल तर ते आधी वाचा. अनुदान घेऊन बसवलेला संच हलवायचा असेल तर वीज खात्याला कळवूनच, कारण मीटर त्या जागेचा आहे.

१२. सोसायटीत माझा स्वतःचा फ्लॅट आहे. बाल्कनीत लावायला सोसायटीची परवानगी लागेल?

बाल्कनीच्या आत असेल तर सहसा नाही. कठड्याबाहेर किंवा दर्शनी भिंतीवर असेल तर हो, कारण ती भिंत सगळ्यांची. गच्ची सामाईक असेल तर बाकीच्यांची लेखी संमती हवी. पीएम सूर्यघर योजनेच्या मार्गदर्शक सूचनांत छत, गच्ची यांच्यासोबत बाल्कनीतल्या संचालाही जागा दिलेली आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. पण तिथेही संच ग्रिडला रीतसर जोडलेला हवा, सॉकेटमधून नव्हे.

सोसायटीने एकत्र येऊन जिना, पंप, लिफ्टसाठी गच्चीवर संच बसवला तर किलोवॉटमागे १८,००० रुपये अनुदान आहे. दहा बाल्कन्यांत दहा पॅनेल टांगण्यापेक्षा हे केव्हाही बरं.

१३. प्लगवाल्या संचाला अनुदान मिळतं का?

नाही. अनुदान पहिल्या दोन किलोवॉटना प्रत्येकी ३०,००० आणि तिसऱ्याला १८,००० रुपये, म्हणजे जास्तीत जास्त ७८,००० रुपये. त्यासाठी नोंदणीकृत विक्रेता, भारतात बनलेले सेल आणि पॅनेल, खात्याची तपासणी आणि नेट मीटर (घेतलेली आणि दिलेली वीज वेगळी मोजणारा) हवा. एक गोष्ट मात्र सगळ्यांना मिळते : २२ सप्टेंबर २०२५ पासून सौर पॅनेलवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला आहे. विक्रेता अजून जुन्या दराने बिल करत असेल तर हटका.

१४. दक्षिणेकडची बाल्कनी आहे, भरपूर ऊन येतं. किती वीज मिळेल?

इथे जर्मनीची नक्कल सपशेल फसते. तिथे सूर्य वर्षभर दक्षिणेकडे कललेला असतो, म्हणून कठड्यावर उभं टांगलेलं पॅनेलही कमावतं. पणजी साडेपंधरा अंश अक्षांशावर आहे. मेच्या पहिल्या आठवड्यात सूर्य डोक्यावरून उत्तरेकडे सरकतो आणि ऑगस्टच्या दहा तारखेच्या आसपास परत येतो. त्या तीन महिन्यांत दक्षिणेच्या उभ्या भिंतीवर थेट ऊन दिवसभरात पडतच नाही. त्यातला अर्धाअधिक काळ पाऊस असतो ते वेगळंच. डिसेंबरमध्ये तीच बाल्कनी बऱ्यापैकी वीज देते. तुम्ही बाल्कनीतलं ऊन पाहिलं ते बहुधा नाताळच्या सुमाराचं.

गच्चीवर थोड्या कलत्या पॅनेलला किलोवॉटमागे दिवसाला सरासरी चारेक युनिटं धरतात. उभ्या पॅनेलकडून वर्षाचा हिशोब केला तर त्याच्या निम्म्यावर समाधान मानायची तयारी ठेवा. गोव्यात पहिल्या शंभर युनिटांचा टप्पा सर्वांत स्वस्त असतो, म्हणून ज्याचं बिलच शंभराच्या आत आहे त्याने आकडेमोड केल्याशिवाय पैसे घालू नयेत. एसीमुळे वरच्या टप्प्यात जाणाऱ्यांचं गणित वेगळं.

१५. खोलीला मालकाचा सबमीटर आहे. मी पॅनेल खोचलं तर माझं बिल कमी होईल ना?

खात्याच्या लेखी ग्राहक मालक आहे, तुम्ही नाही. तुमच्या खोलीतून उलटी गेलेली वीज सबमीटर कशी मोजेल ते त्याच्या जातीवर अवलंबून, आणि मुख्य मीटरवर जे दिसेल त्याचा जाब मालकाला द्यावा लागेल (प्रश्न ५ आणि ६). दुसऱ्याच्या नावावर हा जुगार खेळू नका. प्रश्न ९ चा मार्ग घ्या.

१६. आम्ही मुंडकार. घर आमचं, जमीन भाटकाराची (जमीनमालकाची). आम्हाला भाडेकरूचे नियम लागतात का?

नाही. मुंडकाराला १९७५ च्या कायद्याने वेगळं संरक्षण दिलं आहे, घर आणि त्याभोवतीची ठरावीक जागा विकत घेण्याचा हक्कही दिला आहे. त्यामुळे १०८ कलमाची वर दिलेली चर्चा तुम्हाला तशीच्या तशी लावू नका. वीज खात्यापुढे महत्त्व जोडणी कोणाच्या नावावर आहे याला. बिल तुमच्या नावावर असेल तर अर्ज तुम्हीच करा आणि मामलेदाराकडची मुंडकार म्हणून असलेली नोंद सोबत जोडा. पॅनेल राहत्या घराच्या छतावरच ठेवा. अंगणात खांब रोवून वेगळा मांडव उभारला की जमिनीचा जुना तंटा उकरला गेलाच म्हणून समजा.

१७. कौलारू छत, समोर बाल्कांव (बसायचा ओटा). पॅनेल कुठे बसवावं?

कौलांवर थेट नको. वासा-रिपांना आधार घेऊन बसवणारा माणूस मिळाला तरच. पॅनेल वीस किलोच्या आसपास असतं, आणि वाऱ्याच्या झोताला ते शिडासारखं वागतं. मे २०२१ मधलं तौक्ते वादळ आठवा. खाली रस्ता असलेल्या कठड्यावर दोरीने बांधलेलं पॅनेल कोणाच्या डोक्यात पडलं, तर नुकसानभरपाई आणि भारतीय न्याय संहितेचं कलम १२५ दोन्ही तुमच्यामागे लागतील, तिथे वीज खात्याची मंजुरी ढाल होत नाही. किनाऱ्याजवळ असाल तर खाऱ्या हवेची चाचणी झालेलं पॅनेल आणि स्टेनलेस स्टीलचे नट-बोल्ट घ्या. साधे दोन पावसाळ्यांत गंजतात.

घर जुन्या गोव्यासारख्या संरक्षित स्मारकांजवळ असेल तर शंभर मीटरचा प्रतिबंधित आणि त्यापुढे दोनशे मीटरचा नियंत्रित पट्टा लागू होतो. तिथे छतावर काहीही उभारण्याआधी लेखी विचारणा करा.

१८. मी ऑनलाइन संच मागवून बसलोय. आता काय करू?

प्लग सॉकेटमध्ये असेल तर संध्याकाळी ऊन गेल्यावर काढा, दुपारी नको. मग इन्व्हर्टरवरचं लेबल वाचा. बीआयएसची (भारतीय मानक ब्युरोची) खूण आणि नोंदणी क्रमांक नसेल तर परत पाठवा. परदेशी प्लगला अॅडॉप्टर लावून वापरण्याचा विचारही करू नका.

पॅनेल मात्र वाया जात नाही. इन्व्हर्टर बाजूला काढा आणि त्या पॅनेलच्या व्होल्टेजला साजेसा चार्ज कंट्रोलर व बॅटरी घ्या, म्हणजे तो प्रश्न ९ मधला संच झाला. हे काम परवानाधारक वायरमनकडून करून घ्या, कारण पॅनेलच्या बाजूची डीसी (एकाच दिशेने वाहणारी) वीज घरातल्या एसी विजेपेक्षा हट्टी असते, ठिणगी पेटली की सहजी विझत नाही. संच लाइनलाच जोडायचा असेल तर राष्ट्रीय पोर्टलवर ग्राहक क्रमांक टाकून अर्ज करा. ग्राहक हक्क नियमांच्या फेब्रुवारी २०२४ च्या सुधारणेनंतर दहा किलोवॉटपर्यंतच्या अर्जाला तांत्रिक व्यवहार्यतेचा वेगळा अभ्यास लागत नाही, तो मंजूर झाल्याचं धरतात. पाच किलोवॉटपर्यंत लाइन मजबूत करायची वेळ आली तर तो खर्चही वीज पुरवणाऱ्याचा. कार्यालयात कोणी याविरुद्ध सांगितलं तर ते लेखी मागा. तो कागद ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंचाकडे जाताना लागतो.